औषध कोणाच्या नावावर? : सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या वादाचा इतिहास



ज्या शाळेच्या फरशीवर बसून मी बाराखडी गिरवली, त्या शाळेने सत्तरी ओलांडलेल्या आपल्या विद्यार्थ्याला आज पुन्हा एकदा फळ्यासमोर उभे केले आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हांला इतिहास शिकवला. तेव्हा त्यांच्यासमोर उत्तर द्यायला उभे राहताना जी धाकधूक वाटे, तीच आज या वयातही वाटते आहे.

विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मी मराठीचा प्राध्यापक. आयुष्य संतकवी, शाहीर आणि बखरी यांच्या सहवासात गेले. वैद्यकाशी माझा संबंध केवळ रोग्याच्या नात्याने. मग सरकारी आरोग्यसेवेच्या वादावर बोलण्याचा मला अधिकार काय? तो अधिकार मला सरांनीच दिला, असे म्हणतो. १९६३ साली आमच्या वर्गात त्यांनी एक वादविवाद ठेवला होता. विषय होता, ‘वैद्यकी सरकारने चालवावी’. मला त्यांनी विरोधी बाजूला उभे केले, आणि मी तर मनाने अनुकूल बाजूचा! सरांचा नियम असा होता की, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी इतक्या नीटपणे मांडायचे की त्याने मान डोलवावी. मगच ते खोडायला घ्यायचे. त्या दिवशी मी वाद हरलो. कारण माझ्या मनात तर्क नव्हता, एक घरगुती आठवण होती, आणि ती मला वर्गात सांगता आली नाही. ती आज सांगतो, आणि मग इतिहासाकडे वळतो.

१. एका तापाची हकिकत

माझा जन्म १९४८ चा. वडील येथे, इंदुरात, एका कापड गिरणीत कारकून होते. कामगार राज्य विम्याची योजना तेव्हा नवी होती. वडिलांच्या पगारातून थोडी रक्कम कापली जाई आणि तिच्याबद्दल त्यांना एक कार्ड मिळाले होते. ते दाखवले की विमा दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत. ते कार्ड आमच्या घरी रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असे.

१९५७ च्या पावसाळ्यात आईला ताप येऊ लागला. आठ-दहा दिवस तिने तो कोणाला कळूच दिला नाही. कामे उरकायची, दुपारी अंगावर गोधडी घ्यायची आणि वडील यायच्या वेळेला उठून चूल पेटवायची. महिनाअखेर होती, एवढेच त्याचे कारण. अखेर ती पाण्याच्या हंड्यासकट कोसळली तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरकाकांना बोलावले. ते येथल्याच किंग एडवर्ड मेडिकल स्कूलमधून एल.एम.पी. झालेले. आठ आण्यांत नाडी, धीर आणि मिक्श्चर असे तिन्ही देणारे. बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. त्यांनी विषमज्वराचे निदान केले आणि क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. स्वतःच्या फीचे नावही काढले नाही. पण औषध दुकानातून आणायचे होते आणि त्या काळी ते महाग होते. मोठ्या सरकारी इस्पितळात जायला आई तयार नव्हती. तेथे नेलेले माणूस पुन्हा घरी येत नाही, अशी तिची आणि तिच्या पिढीतल्या अनेक बायकांची समजूत.

शेजारच्या एका गृहस्थांनी वडिलांना सुचवले, “अहो, कार्ड आहे ना तुमच्याकडे? उद्या तुम्हीच ताप आहे म्हणून सांगा आणि औषध घेऊन या.” वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “कार्ड माझ्या नावाचं आहे. ताप तिला आहे.” दुसऱ्या दिवशी आईच्या पाटल्या सराफ्यात गेल्या. आई वाचली. पाटल्या परत आल्या नाहीत.

यात कोणाचा दोष होता असे मला म्हणायचे नाही. योजनाच आरंभी कामगारापुरती होती. कुटुंबीयांना तिचा लाभ १९५८ नंतर टप्प्याटप्प्याने मिळू लागला. परंतु औषध कोणाच्या नावावर मिळावे, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की, आमच्या गल्लीतला हा प्रश्न त्याआधी लंडन आणि दिल्ली येथे मोठमोठ्या माणसांनी मोठ्या आवेशाने चर्चिलेला आहे.

२. रंगपूर आणि नाशिक

या चर्चेच्या दोन अहवालांशी दोन नावे जोडलेली आहेत आणि दोन्ही नावांचा उगम आपल्याच देशात आहे. विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ साली बंगालमधील रंगपूरचा. ते गाव आज बांगलादेशात आहे. वडील सनदी सेवेत न्यायाधीश होते. आई ॲनेट बेव्हरिज म्हणजे बाबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विदुषी. इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे नाव परिचित आहे. दुसरे सर जोसेफ विल्यम भोर. यांचा जन्म त्याआधी एकच वर्ष, १८७८ साली, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात आणि नंतर लंडनला. ते सनदी सेवेत गेले, कोचीन संस्थानचे दिवाण झाले आणि पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात व्यापार व रेल्वे ही खाती त्यांनी सांभाळली. एक रंगपुरात जन्मून इंग्लंडच्या कामी आला. दुसरा नाशिकला जन्मून हिंदुस्थानच्या कामी येऊ पाहत होता. तो किती कामी आला, ते पुढे पाहू.

३. लंडन : १९११ ते १९४८

इंग्लंडात १९११ साली लॉईड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. ठरावीक मिळकतीपर्यंतच्या कामगाराच्या वेतनातून वर्गणी कापायची, मालकाने व सरकारने त्यात भर घालायची आणि कामगाराला डॉक्टर मिळायचा. पण कामगारालाच, त्याच्या बायकोला व मुलांना नाही. इस्पितळाचा खर्चही त्यात सामान्यतः नव्हता. माझ्या आईच्या पाटल्यांची गोष्ट तेथील किती घरांत घडली असेल, याची कल्पना आपण करू शकता.

१ डिसेंबर १९४२ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. नाव अगदी रुक्ष : ‘सामाजिक विमा आणि संलग्न सेवा’. पण तो घेण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या आणि मूळ व संक्षिप्त मिळून त्याच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. दैन्य, रोग, अज्ञान, बकाली आणि बेकारी हे पुनर्रचनेच्या वाटेवरील पाच राक्षस आहेत, असे त्यात म्हटले होते. आरोग्यसेवेचा तपशील त्यांनी दिला नाही. सर्वांना सर्व उपचार देणारी सेवा असेल असे गृहीत धरल्याखेरीज विम्याची योजना उभी राहणार नाही, एवढेच ते म्हणाले.

हे गृहीतक प्रत्यक्षात आणण्याचे काम १९४५ नंतर ॲन्युरिन बेव्हन यांच्याकडे आले. ते वेल्समधील ट्रेडेगर गावचे. तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. वडील खाणीच्या धुळीने झालेल्या फुप्फुसाच्या विकारात गेलेले. ट्रेडेगरच्या कामगारांनी वेतनातून वर्गणी काढून स्वतःची वैद्यकीय संस्था चालवली होती आणि गावातील बहुतेक कुटुंबे तिच्यात होती. कादंबरीकार क्रोनिन यांनी डॉक्टर म्हणून तेथे काही काळ काम केले आणि त्या अनुभवावर ‘द सिटाडेल’ ही कादंबरी लिहिली. आपल्यापैकी ज्यांनी १९७१ चा ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट पाहिला असेल, त्यांनी खाणीच्या गावातला तो डॉक्टर पाहिलाच आहे. त्या चित्रपटाचा आधार हीच कादंबरी.

आता सरांच्या नियमाप्रमाणे प्रतिपक्ष मांडतो. डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे असे होते : डॉक्टर एकदा सरकारी पगारदार झाला की त्याचा धनी रोगी राहत नाही, खाते होते. रोगी आणि वैद्य यांच्यातला विश्वास सरकारी हुकमाने निर्माण होत नाही. मंत्र्याच्या हाती सारी इस्पितळे देणे म्हणजे हुकूमशाहीची पहिली पायरी होय. संघटनेच्या एका माजी सचिवाने तर या विधेयकाची तुलना नाझी राजवटीशी केली. युद्ध नुकतेच संपले असताना हा आरोप किती जिव्हारी लागला असेल! दुसरा आक्षेप खर्चाचा. जे फुकट मिळते त्याला अंत नसतो. मागणी वाढत जाईल आणि करदाता बुडेल. तिसरा आक्षेप बेव्हन यांच्याच पक्षातून, मंत्रिमंडळातूनच आला. हर्बर्ट मॉरिसन यांचे म्हणणे होते की, नगरपालिकांनी कष्टाने उभारलेली इस्पितळे मध्यवर्ती सरकारने घेऊ नयेत. लोकांच्या जवळची सत्ता दूर गेली की सेवाही दूर जाते. हे आक्षेप केवळ स्वार्थापोटी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

संसदेत हुजूर पक्षाने १९४६ च्या विधेयकाच्या विरोधात मतदान केले. फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांचे मत घेण्यात आले तेव्हा मत देणाऱ्यांपैकी सुमारे नव्वद टक्के विरोधात होते. योजना सुरू व्हायला पाच महिने उरले असताना ही अवस्था! बेव्हन यांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. मूळ तत्त्व त्यांनी सोडले नाही. तपशील बराच सोडला. इस्पितळांतील तज्ज्ञांना अर्धवेळ काम करण्याची, खाजगी रोगी पाहण्याची आणि सरकारी इस्पितळात काही सशुल्क खाटा ठेवण्याची मुभा दिली. गल्लीतल्या डॉक्टरांना पगारदार न करता, यादीतील रोग्यांच्या संख्येवर दरडोई मानधन ठरवले आणि त्यांना पूर्ण पगारी नोकर करायचे झाल्यास नवा कायदा लागेल असे वचन दिले. दवाखाना विकत देण्याघेण्याची प्रथा बंद केली आणि तिच्या भरपाईसाठी सहा कोटी साठ लाख पौंड राखून ठेवले. मे महिन्यात पुन्हा मत घेतले तेव्हा विरोध ओसरला होता.

५ जुलै १९४८ रोजी सेवा सुरू झाली. इंग्लंड व वेल्समधील २,६०० हून अधिक इस्पितळे एका व्यवस्थेखाली आली. आणि एक गोष्ट मला आपल्या ध्यानी आणून द्यावीशी वाटते. त्या दिवशी इंग्लंडात ब्रेडवर रेशन होते. युद्धकाळातही जे नव्हते ते १९४६ साली लादावे लागले होते आणि ते जुलै १९४८ च्या अखेरीस उठले. देश कर्जबाजारी होता, शहरे बाँबहल्ल्यांत मोडली होती. ‘आधी श्रीमंत होऊ, मग सर्वांच्या औषधाचे पाहू’ असे म्हणायला त्यांच्याजवळ भरपूर सबब होती.

४. दिल्ली : १९४३ ते १९४६

ऑक्टोबर १९४३ मध्ये, म्हणजे बेव्हरिज अहवालाला वर्षही झाले नव्हते तेव्हा, हिंदुस्थान सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. सदस्यांत डॉक्टर होते, अधिकारी होते आणि मजुरांच्या चळवळीतले ना. म. जोशी यांच्यासारखे लोकसेवकही होते. परदेशांतून तज्ज्ञ बोलावले गेले. वैद्यकाच्या इतिहासाचे थोर अभ्यासक हेन्री सिगरिस्ट त्यांत होते. १९४६ साली चार खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यातील आकडे वाचताना आजही वाचक सुन्न होतो. जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान अवघे २७ वर्षांच्या आसपास. हजार जन्मांमागे १६२ मुले वर्षाच्या आत दगावत. ब्रिटिश हिंदुस्थानात डॉक्टर सुमारे ४७,५००, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक; परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. हजार लोकांमागे इस्पितळातील खाटा इंग्लंडात सातांहून अधिक, आपल्याकडे पाव खाटसुद्धा नाही.

या दारिद्र्यातून समितीने काढलेला निष्कर्ष मात्र दरिद्री नव्हता. पैसे देता येत नाहीत एवढ्याच कारणाने कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये, हे तिने पहिले सूत्र मानले. विम्याचा विचार तिने केला आणि तो बाजूला ठेवला. वर्गणी देण्याइतकी मिळकतच बहुसंख्यांना नाही. तेव्हा विमा केला तर तो मूठभरांचा होईल. म्हणून खर्च करांतून आणि सेवा सर्वांना, असा तिचा कौल होता. सरकारी पूर्णवेळ डॉक्टरांनी खाजगी व्यवसाय करू नये, सरकारी महसुली खर्चाचा निदान पंधरा टक्के भाग आरोग्यावर व्हावा, असेही तिने सुचवले. आरंभी ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र असावे. त्यात दोन डॉक्टर, परिचारिका, सुइणी, औषध देणारा, स्वच्छता निरीक्षक हे सर्व असावेत. पुढे दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे एक इस्पितळ आणि तीस लाखांच्या जिल्ह्याला २,५०० खाटांचे मोठे इस्पितळ, असे ते स्वप्न होते.

त्याच सुमारास दुसरा मार्गही खुला होत होता. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आमच्या पत्र्याच्या पेटीतले कार्ड या अहवालाचे अपत्य. आडारकरांचे काम मोलाचे होते. ज्याच्याकडे काहीच नव्हते त्या गिरणीकामगाराला त्याने दवाखाना दिला. परंतु दोन अहवालांतला भेद पाहा. एक विचारतो, ‘तू कोण आहेस? कुठे काम करतोस? वर्गणी भरली आहेस का?’ दुसरा विचारतो, ‘तुला काय होते आहे?’ १९४८ साली आपण पहिल्याचा कायदा केला. दुसरा कपाटात राहिला.

५. एल.एम.पी.चा प्रश्न

भोर समितीत सर्वांचे एकमत होते असे नाही. ज्या मुद्द्यावर ती दुभंगली तो आमच्या इंदूरशी थेट निगडित आहे. देशातील ४७,५०० डॉक्टरांपैकी सुमारे ३०,००० एल.एम.पी. होते; वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले, आमच्या डॉक्टरकाकांसारखे. समितीच्या बहुमताने सांगितले की, हा वर्ग यापुढे तयार करू नये. सर्वत्र एकच पदवी असावी. खेड्यातल्या माणसाने कमी शिकलेल्या डॉक्टरवर का भागवावे? काही सदस्यांनी याविरुद्ध भिन्नमत नोंदवले. डॉक्टर इतके थोडे असताना तुम्ही ही शाळाच बंद केली, तर पदवीधर खेड्यात जाईपर्यंत खेड्याने काय करावे?

मला वाटते, या वादात दोन्ही पक्ष खरे होते. बहुमताचा आग्रह समतेचा होता, अल्पमताची चिंता अनुभवाची. घडले असे की शाळा बंद झाल्या किंवा महाविद्यालये झाल्या. १९४८ सालीच येथे महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याचा आपल्या सर्वांना सार्थ अभिमान आहे. पण पदवीधर खेड्यात पुरेसा गेला नाही. त्याला तेथे नेणारी बाकीची व्यवस्था आपण उभारलीच नव्हती. समितीच्या शिफारशींतील एक वीट आपण घेतली, भिंत घेतली नाही. २०१८ नंतर उपकेंद्रांवर परिचारिका आणि आयुर्वेदाचे पदवीधर यांना प्रशिक्षण देऊन सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून नेमण्यात येऊ लागले. तेव्हा त्या भिन्नमताला सत्तर वर्षांनी उत्तर मिळाले असे म्हणता येईल.

६. आक्षेपांचा हिशेब

भोर अहवाल अमलात का आला नाही? नेहमीचे उत्तर असे की, देश गरीब होता. फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, संस्थाने विलीन करायची होती, धान्य बाहेरून आणावे लागत होते. हे सारे सत्य आहे. शिवाय आरोग्य हा प्रांतांचा विषय होता आणि घटनेतही तो राज्यांकडेच राहिला. इंग्लंडचा दाखला जसाच्या तसा लावू नये, हेही मी जाणतो. तेथे इस्पितळे होती, ती एकत्र करायची होती. आपल्याकडे ती बांधायचीच होती. ७,००० परिचारिकांवर तीस कोटींची सेवा एका सकाळी सुरू करता येत नाही.

तरीही गरिबी हे पूर्ण उत्तर नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली, पण ती विकासगटामागे एक. भोर यांनी आरंभासाठी सांगितलेल्या ४०,००० पेक्षा गटाची वस्ती पुष्कळ अधिक होती आणि कर्मचारी कमी. पंधरा टक्क्यांच्या जवळपासही आपण कधी गेलो नाही. पण त्याच काळात, १९५४ साली, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळी आरोग्य योजना दिल्लीत निघाली. कामगाराला एक कार्ड, सरकारी नोकराला दुसरे, ज्याला ऐपत आहे त्याला खाजगी डॉक्टर. उरलेला शेतकरी, शेतमजूर, हमाल, मोलकरीण मात्र कोणत्याच नावाखाली बसत नव्हते. ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांची सोय आधी झाली. आणि एकदा सोय झाली की माणूस सर्वांच्या प्रश्नासाठी फारसा आवाज करीत नाही. निवृत्तिवेतनाबरोबर वैद्यकीय सवलत घेणारा मीही त्यात आलो.

आता इंग्लंडातल्या आक्षेपांचे काय झाले? खर्चाचा आक्षेप खोटा ठरला नाही. चष्मे आणि कवळ्या यांसाठी अशी झुंबड उडाली की अंदाजपत्रक कोलमडले. १९५१ साली त्यांवर शुल्क बसवले गेले तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ साली औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आला. रांगेचा आक्षेपही खरा ठरला. कोविडच्या साथीनंतर इंग्लंडमधील नियोजित उपचारांची प्रतीक्षा-यादी सत्तर लाखांच्या वर गेली. जे भाबडेपणाने त्या सेवेचे गोडवे गातात, त्यांनी हे विसरू नये. मात्र सर्वांत जिव्हारी लागलेला आक्षेप, हुकूमशाहीचा, तो पार खोटा ठरला. ज्या हुजूर पक्षाने विरोधी मत दिले त्याने १९५१ नंतर तेरा वर्षे सलग राज्य केले आणि ती सेवा मोडली नाही. वाद ‘असावी की नसावी’ हा उरला नाही. ‘कशी चालवावी’ हा उरला. रांगेत उभे राहावे लागले, पण पाटल्या विकाव्या लागल्या नाहीत.

या वादाचे वळणही सर्वत्र सारखे दिसते. कॅनडात सस्कॅचेवान प्रांताने १ जुलै १९६२ पासून सार्वत्रिक वैद्यकीय योजना लागू केली तेव्हा डॉक्टरांनी तेवीस दिवस संप केला आणि तडजोडीने तो मिटला. काही वर्षांत साऱ्या देशाने ती वाट धरली. आपल्या शेजारच्या राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा झाला. खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले आणि एप्रिलच्या आरंभी, लहान खाजगी इस्पितळांना वगळण्याच्या अटीवर, संप मिटला. डॉक्टरांचा प्रश्न असा होता की, तातडीच्या उपचारांचे पैसे सरकार केव्हा आणि किती देणार, ते आधी सांगा. बेव्हन यांच्या वाटाघाटी ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना यात काही नवे वाटणार नाही. डॉक्टरला शत्रू ठरवून सार्वत्रिक सेवा कोठेही उभी राहिलेली नाही. त्याचे रास्त मोल मोजूनच ती उभी राहिली आहे.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातील उपचारांची हमी देण्यात आली. हे पाऊल मोठे आहे. घरच्या खिशातून होणारा खर्च २००४-०५ साली एकूण आरोग्यखर्चाच्या ६९ टक्के होता. सरकारी हिशेबानुसार २०२१-२२ साली तो ३९ टक्क्यांवर आला. याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे. पण ती हमी मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावरची आहे. आठ-दहा दिवस अंगावर काढलेल्या तापाला, गल्लीतल्या औषधाला, रोजच्या गोळीला ती पुरत नाही. आणि यादीत नाव आहे की नाही, हा प्रश्न अजून दारातच विचारला जातो.

७. उपसंहार

सरकारने वैद्यकी चालवावी की नाही, हा प्रश्न सरांनी आम्हांला घातला होता. साठ वर्षांनी मी उत्तर देतो आहे, आणि मला वाटते तो प्रश्न अर्धा होता. डॉक्टर पगारी असावा की दरडोई मानधनावर, इस्पितळ सरकारी असावे की खाजगी, खर्च करांतून व्हावा की वर्गणीतून, या सर्वांवर शहाण्या माणसांत मतभेद असू शकतात. देशोदेशी उत्तरे वेगळी आहेत. १९४२ ते १९४८ या सहा वर्षांत खरा निर्णय निराळाच होता. उपचार माणसाला द्यायचे की त्याच्या नावापुढच्या शिक्क्याला? ब्रेडवर रेशन असताना इंग्लंडने पहिले उत्तर दिले. आपल्याकडे नाशिकच्या एका सुपुत्राच्या अध्यक्षतेखाली तेच उत्तर तितक्याच स्पष्टपणे लिहिले गेले होते, आणि दोन वर्षे आधी लिहिले गेले होते. ते आपले नव्हते, परक्यांचे होते, असे कोणी म्हणू नये. सर जोसेफ भोर १९६० साली वारले. त्यांच्या अहवालाचे चार खंड ज्यांना मिळतील त्यांनी अवश्य वाचावेत.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज डॉक्टर आहेत, काहीजण शासनात मोठ्या पदांवर आहेत, कित्येक परदेशांत या व्यवस्थांत काम करीत आहेत. त्यांना या विषयाची माझ्यापेक्षा कितीतरी अधिक जाण आहे. माझी त्यांना एवढीच विनंती की, एखादी योजना हाती येईल, एखादा कागद सहीसाठी समोर येईल, तेव्हा त्यातून कोणाचे नाव गळले आहे ते एकदा पाहावे. शेवटी कोणीतरी राहिलेले असते. बहुधा ती घरातली अशी व्यक्ती असते जी ताप अंगावर काढते आणि सांगत नाही.

वडील गेल्यावर पत्र्याची ती पेटी आम्ही उघडली. कार्ड आत होते. नाव, क्रमांक आणि वडिलांची रेखीव मोडी वळणाची सही. त्यांच्या त्या वाक्यातला प्रामाणिकपणा मला लहानपणी कळला होता. त्यातले दुःख कळायला मात्र मला बेव्हरिज आणि भोर वाचावे लागले.

सरांनी आज मला किती गुण दिले असते, ठाऊक नाही. प्रतिपक्ष नीट मांडला एवढे तरी त्यांनी म्हटले असते, अशी आशा करतो.